पाचशे पंच्याण्णव

४ जून

आईला धाडलेल्या पत्राला जावक क्रमांक घालतात हे मला या वयात कळलं. जा. क्र. एकशे चौदा. खाली टाईप केलेल्या तीन ओळी, 'आपले पत्र मिळाले. विषय समितीच्या विचाराधीन आहे. सबब या टप्प्यावर काही कळविणे उचित होणार नाही.' त्याखाली शाळेचा गोल शिक्का आणि शिक्क्याच्या पोटात तुझी सही. मी तुला नऊ महिने पोटात ठेवलं तेव्हा क्रमांक टाकला नव्हता. 'आपले' म्हणे! दोन दिवस चष्मा पुसत मी तुला पत्र लिहिलं आणि तू ते कारकुनापुढे टाकलंस. त्याने ते वाचलं असणार, हसला असणार, आणि भोक पाडून फायलीला लावलं असणार.

आता रीतीप्रमाणे. चिरंजीव हेडसर यांस आशीर्वाद. मी बरी आहे, तू विचारलं नाहीस तरी. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. पत्र फाडायचं झालं तरी हातात धरावं लागतं.

तुझी मुलगी पंधरा दिवस माझ्याकडे आहे. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणायचे. आता भिंत बघत बसते. काल चहाचं भांडं गॅसवर ठेवून विसरली, बूड जळलं. दोन तास काथ्याने घासायला लावलं मी. रडण्यापेक्षा बरं.

तिच्याकडून जे कळलं ते लिहिते, चुकलं तर सांग. तुझ्याच शाळेत ती सहावीला गणित शिकवते, अजून कायम झालेली नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर बाहेरच्या तपासनिसाकडे गेले. एकोणीस पोरांनी गुणाकार पुस्तकातल्या रीतीने न करता दुसऱ्याच रीतीने केले. उत्तरं बरोबर. तपासनिसाने लाल शाईने लिहिलं, 'पद्धत अमान्य', आणि एकूणएक गुणाकाराला शून्य दिलं. एकोणीस पोरं नापास. आईबाप फाटकावर आले. मग तू हेडमास्तर म्हणून शेरा लिहिलास: विषय सोडून गणिताचा इतिहास सांगण्यात तास वाया घालवते, समज देऊनही सुधारणा नाही, कायम करण्यास अयोग्य. सत्तावीस तारखेला समिती बसेल, तुझा शेरा वाचला जाईल आणि पोरगी घरी बसेल. सख्ख्या बापाने अयोग्य ठरवलेल्या मास्तरणीला दुसरी कुठली शाळा दारात उभी करणार आहे?

तू असं का लिहिलंस तेही मला कळतं. बापाने मुलीला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये म्हणून. तुझं नाव स्वच्छ राहावं यासाठी पुसायला तुला नेहमी कुणीतरी लागतं.

ती रीत म्हणजे काही करणी नव्हे. समज तेरा वॉर्डांना प्रत्येकी चोवीस चादरी द्यायच्यात. डावीकडे तेरा लिहायचे, उजवीकडे चोवीस. डावीकडे निम्मं करत जायचं, उरलेला सुट्टा सोडून द्यायचा. तेरा, सहा, तीन, एक. उजवीकडे दुप्पट. चोवीस, अठ्ठेचाळीस, शहाण्णव, एकशे ब्याण्णव. डावीकडे जोडीचा आकडा आला, म्हणजे इथे सहा, की ती ओळ खोडायची. उजवीकडे जे उरलं त्याची बेरीज. तीनशे बारा. पाढे लागत नाहीत. असं भिंगरी सांगते. मला त्यातलं काय कळतंय. तिने कुठल्या पुस्तकातून काढलं असेल देव जाणे.

शेरा मागे घे. एवढंच.

तुझी आई


११ जून

उत्तर तुझ्याकडून मागितलं होतं, आलं तुझ्या बायकोकडून, तेही फोनवर. "आई, यांचं ब्लडप्रेशर वाढलंय, तुम्ही पत्रं लिहू नका." मी म्हटलं, माझं वाढलं तेव्हा तुम्ही कुणाला सांगितलं होतं? मग हळूच म्हणते, "हे विचारत होते, भिंगरीला ती रीत नक्की कुणी शिकवली?" मी म्हटलं, त्याला म्हणावं स्वतः विचार. आणि फोन ठेवून दिला.

आता परवाचं ऐक. दारावर थाप पडली. बसचा ड्रायव्हर, अंगात अजून गणवेश, हातात गुंडाळी केलेला पेपर. त्याची मुलगी त्या एकोणिसातली. दारातूनच सुरू झाला.

"मॅडम इथे राहतात ना? बाहेर बोलवा त्यांना."

मी म्हटलं, "आत या, शेजाऱ्यांना फुकट कशाला ऐकवताय."

आत आला, पण बसेना. भिंगरी मोरीतून ओले हात घेऊन बाहेर आली. त्याने पेपर टेबलावर पसरला.

"हे बघा. सत्तावीस गुणिले त्रेचाळीस. उत्तर अकराशे एकसष्ट. मी मोबाईलवर करून बघितलं, डेपोतल्या तिघांना विचारलं, अकराशे एकसष्टच येतात. मग शून्य कसं?"

"रीत वेगळी होती म्हणून," भिंगरी म्हणाली.

"ती कुणी शिकवली?"

"मी."

"का? पुस्तकातली काय वाईट होती? आणि इतिहास शिकवायचा तर इतिहासाच्या तासाला शिकवा की! मी काय बस सोडून विमानाचं शिकवत बसतो का पॅसेंजरला?"

मला हसू आलं, ते मी गिळलं. माणूस खोटं बोलत नव्हता. भिंगरी मात्र खाली बघून म्हणाली, "तुमची मुलगी पाचवीत गणिताच्या तासाला कुठे असायची, माहीत आहे?"

"कुठे म्हणजे? वर्गात."

"संडासात. कडी लावून. मला शिपाईण बाईंनी सांगितलं."

तो बसला तेव्हा.

मग तिने सांगितलं ते तुला लिहिते, कारण शाळेत तू तिचं ऐकून घेतलं नाहीस असं ती म्हणते. तिने वर्गाला शून्याखालच्या संख्या शिकवायला घेतल्या. कुणालाच कळेना. तेव्हा तिने सांगितलं की परदेशातले मोठमोठे गणिती शेकडो वर्षं या संख्यांना घाबरत होते. खोट्या संख्या म्हणायचे, उत्तरात आल्या की टाकून द्यायचे. जगातले शहाणे जिथे पिढ्यान्‌पिढ्या अडकले तिथे सहावीतलं पोर एक आठवडा अडकलं तर ते ढ कसं? आणि शिकवणाऱ्याला माहीत असलं की माणसं कुठे अडकली होती, तर पोर कुठे अडकणार हे त्याला आधीच दिसतं. त्या तासाला ड्रायव्हरच्या मुलीने वर्षात पहिल्यांदा हात वर केला. विचारलं काय, तर "मग त्या मोठ्या लोकांना कुणी मारलं का?"

ड्रायव्हर कपाळ चोळत बसला. म्हणाला, "हल्ली घरी बडबडते खरी. कुठल्या देशात साठाने मोजायचे, म्हणून घड्याळात साठ मिनिटं. माझ्या ड्युटीचे तास काढून देते. मी म्हटलं, एवढं कळतं तर नापास कशी गं? तर म्हणते, मी नापास नाही, पेपर नापास आहे." मग एकदम वर बघून म्हणाला, "पण मॅडम, एक सांगा. परीक्षेत पुस्तकातलीच रीत लिहायची, हे तुम्ही पोरांना बजावलं होतं?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "पुस्तकातली रीत त्यांना येत होती. कुठली वापरा हे मी नाही सांगितलं. मला वाटलं, उत्तर बरोबर तर..."

"तुम्हाला वाटलं. वर्ष माझ्या पोरीचं गेलं."

मी मध्ये पडले नाही. तिची चूक आहे ती आणि तिने ती ऐकून घ्यायलाच हवी होती. पण जाताना त्याने प्रश्नपत्रिका काढून माझ्यासमोर धरली. "आजी, तुम्हीच वाचा. यात कुठे म्हटलंय कुठल्या रीतीने करा? नुसतं 'गुणाकार करा'. आमच्यात कागदावर नियम नसला तर दंड मारता येत नाही."

फेरतपासणीचा अर्ज करता येतो, त्याने चौकशी केली आहे. तीस तारखेच्या आत. पण पालकांची सही चालत नाही, हेडमास्तरची लागते. म्हणजे फिरून गाडी तुझ्याच दारात.

तपासनिसाला रीत कळली नाही हे मी समजू शकते. तुला कळली नाही असं मात्र मला लिहू नकोस.

आई


१७ जून

या वेळी क्रमांक नाही, शिक्का नाही. कोरा कागद आणि तुझं अक्षर. 'र'ची शेपटी अजून तशीच लांब. दोनच वाक्यं. 'त्या दिवशी मास्तरांपुढे तू काय म्हणालीस ते तुझ्या नातीला सांग. मग मला इतिहास शिकव.'

बेचाळीस वर्षं. एवढं सांभाळून ठेवलंस, मग कधी तोंडावर का मारलं नाहीस? मी बहिरी नव्हते. लग्नात, बारशात, तुझे वडील गेले तेव्हा, दर वेळी तू माझ्यासमोर बसायचास आणि माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघायचास. मला वाटायचं, मोठ्या नोकरीची गुर्मी आहे. लोकांना सांगतोस, "आई हॉस्पिटलात होती." अर्ध्यांना वाटतं मी नर्स होते, अर्ध्यांना वाटतं पेशंट. लाँड्रीत होते रे. एकतीस वर्षं. बॉयलरशेजारी.

तर घे. भिंगरीला सांगण्याआधी तुलाच लिहून देते, म्हणजे नंतर मी काही गाळलं असं म्हणायला नको.

ती रीत माझी. पुस्तकातली नव्हे. मला लाँड्रीतल्या मुकादमीण बाईंनी दाखवली, मी लागले त्या पहिल्या महिन्यात. मोजणीची वही असायची कारकुनाकडे, आमच्याकडे इस्त्रीचं टेबल आणि निळा खडू. तेरा वॉर्ड, चोवीस चादरी. मी चौथीतून उठलेली, पाढे दहाच्या पुढे येत नव्हते. त्या बाईंना तर सहीही येत नव्हती. पण वहीत चादर कमी लागली की कारकुनाच्या आधी त्या ओरडायच्या.

तुला मी शिकवली. रोग्यांच्या कपड्यांची तुटलेली बटणं तू टेबलाखाली बसून मांडायचास, निम्मी इकडे, दुप्पट तिकडे. सगळी लाँड्री तुला बटण म्हणायची. 'बटण, सोळा अठ्ठावीस किती रे?' आणि इस्त्री गार व्हायच्या आत तुझं उत्तर यायचं.

मग तू पाचवीत गेलास. तपकीरवाले मास्तर. त्यांनी फळ्यावर घातलं, सतरा गुणिले पस्तीस. तू आपल्या रीतीने केलंस. त्यांनी विचारलं, हे काय आणि कुणी शिकवलं? तू म्हणालास, आईने. मास्तरांनी मला बोलावून घेतलं. मी अर्ध्या तासाची सुट्टी मागून आले. वर्गाच्या दारात उभी राहिले. हात साबणाने पांढरे पडलेले, बोटं सुरकुतलेली. चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. मास्तर म्हणाले, "हे अडाण्यांचं गणित तुम्ही शिकवता का मुलाला? हे असलं चालणार असेल तर न्या त्याला तुमच्या कामावर."

मी म्हटलं, "मला कुठे गणित येतंय, साहेब. मी चौथी शिकलेली. पोरगं खोटं बोलतंय."

रीत चुकली म्हणून दोन छड्या, खोटं बोललास म्हणून चार. मी दारातच होते. तू माझ्याकडे बघितलंस ते पहिल्या छडीला. नंतर नाही.

तुला वाटत असेल, आई घाबरली. घाबरले नव्हते. लाजले होते. घाबरलेल्याला माफ करतात.

आणि त्याच आठवड्यात कपडे वाळत घालायची काठी घेऊन मी तुला पाढे पाठ करायला बसवलं. तीसपर्यंत. अडखळलास की पोटरीवर. वर्षभरात तू वर्गात पहिला आलास. पुढे गणिताचा मास्तर झालास, मग हेडमास्तर. लोक म्हणाले, आईने घडवलं. खरंच होतं ते. भिंगरीच्या वर्गाबाहेर उभा राहून तू "पाढे म्हणून घ्या, गोष्टी सांगू नका" म्हणतोस ना, तो आवाज तुझा नाही, माझा आहे. तिने नक्कल करून दाखवली तेव्हाच ओळखला मी.

रडत लिहीत नाहीये. डोळ्यांत मोतीबिंदूचं पाणी येतं, कागदावर डाग दिसला तर तो त्याचा.

आणखी एक. भिंगरीलाही मीच शिकवली. सहा वर्षांची होती, सुट्टीत तू तिला माझ्याकडे सोडली होतीस. शिकवून वर म्हटलं, "बाबांना सांगू नकोस, पुन्हा विषयही काढू नकोस." म्हणजे चार तारखेच्या पत्रात मी लिहिलं ते खोटं. फोनवर तुझ्या बायकोला उत्तर दिलं नाही तेही त्याचसाठी.

आज भिंगरीला सांगते.

आई


२२ जून

सांगितलं.

मला वाटलं होतं चिडेल किंवा गळ्यात पडेल. दोन्हींची तयारी ठेवली होती, दुसऱ्याची जरा कमी. तिने काय केलं असेल? वही आणली.

"आजी, मुकादमीण बाईंना कुणी शिकवलं होतं?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"विचारलं नाहीस कधी?"

"चादरी मोजू का वंशावळ काढू?"

तर ही टाळ्या पिटायची बाकी होती. म्हणे, शिक्षकांच्या ट्रेनिंगला गणिताच्या इतिहासाचा एक पेपर होता, सगळे झोपा काढायचे. त्यात एक दिवस आलं की पिरॅमिडवाल्या देशातले कारकून हजारो वर्षांपूर्वी दुपटी करत करत गुणाकार करायचे, आणि निम्मं करून ओळ खोडायची रीत त्याचीच बहीण, कितीतरी देशांत पाढे न येणाऱ्या माणसांनी चालवलेली. "आजी, मी बाकावरून उठले! सर म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, सर, ही माझ्या आजीची रीत आहे. वर्ग हसला. सर नाही हसले. म्हणाले, मग आजीला विचारून ये, ती ओळ का खोडते."

"मग विचारलं का नाहीस?" मी म्हटलं.

"तू सांगितलं होतंस ना, पुन्हा विषय काढायचा नाही."

मग तिने मला दाखवलं, बटणं मांडून. तुझीच बटणं, डबा अजून आहे. तेरा म्हणजे आठ, चार आणि एक. चोवीस एकदा, चोवीस चारदा, चोवीस आठदा. दोनदावाली ओळ खोडायची, कारण तेरा बांधताना दोनाची गरज लागत नाही. संपलं. एकतीस वर्षं मी ती ओळ खोडत आले, आणि का खोडते हे मला परवा कळलं, चहा गार होईपर्यंतच्या वेळात. मी म्हटलं, एवढंच होतं? ती म्हणाली, एवढंच. पाठ केलं की रीत येते, ती कुठून आली ते कळलं की आपली होते. पोरगी बोलते फार. पण फुकटचा पगार घेत नव्हती.

तपकीरवाल्या मास्तरांना हे माहीत असतं तर त्यांनी तुला मारलं नसतं. ते दुष्ट नव्हते. त्यांना एकच रीत माहीत होती आणि ती आभाळातून पडली आहे असं त्यांना वाटत होतं. त्या तपासनिसालाही तसंच वाटतं. तुला मात्र तसं वाटत नाही, तू त्या रीतीवर वाढलास, म्हणून तुझा गुन्हा त्या दोघांपेक्षा मोठा. माझ्याएवढाच.

सत्तावीसला मी येते आहे. अडवायचं असेल तर फाटकावर कारकून उभा कर. ड्रायव्हर सोडणार आहे, त्याची सुट्टी आहे. निळा खडू मिळाला नाही, पांढराच घेतला.

त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते चार माणसांत बोलणार. नंतर तू काय बोलायचं ते तू बघ.

आई


२८ जून

काल तू मला "आई" म्हणालास. सहा वर्षांनी. तेही कसं, "या माझ्या आई आहेत, वय झालंय, कुठून तरी पाठ करून आल्या असतील."

जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते. समितीच्या इतिवृत्तात ते येणार नाही.

अध्यक्ष, तो लोखंडाचा व्यापारी, मला बघून म्हणाला, "आजीबाई, पालकांची सभा पुढच्या महिन्यात आहे." मी म्हटलं, मी पालकाची पालक आहे. समितीतल्या डॉक्टरीणबाई हसल्या आणि मला खुर्ची दिली. मी बसले नाही. मी सांगितलं, या पोरीने जे शिकवलं ते माझ्याकडून आलं, मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कपडे धुवायचे, आणि हेडसर माझा मुलगा. अध्यक्षाने तुझ्याकडे बघितलं. तू पेनचं टोपण लावत होतास, काढत होतास.

"करून दाखवा मग," अध्यक्ष म्हणाला. पेपरातलाच गुणाकार घातला, सत्तावीस गुणिले त्रेचाळीस. मी फळ्यावर केला. हात वर धरला की खांदा दुखतो, म्हणून आकडे तिरके गेले, पण गेले. सहाची ओळ खोडली आणि का खोडली तेही सांगितलं. अकराशे एकसष्ट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अरे वा." भिंगरी कोपऱ्यात उभी होती, तिने ओठ दाताखाली धरला होता.

मग अध्यक्षाने तुला विचारलं. सरळ विचारलं. "सर, ही रीत तुम्हाला माहीत होती?"

आणि तू म्हणालास, "नाही. मी पहिल्यांदाच बघतोय."

मी खडू खाली ठेवला. मला राग यायला हवा होता. पण वाक्य ओळखीचं वाटलं. माझंच होतं. तू नुसतं ते बेचाळीस वर्षांनी परत केलंस, चार माणसांत, मी दारात उभी होते तसाच उभा राहून.

बरं झालं. मी सहा छड्यांच्या वेळी खरं बोलले नाही, तू काल बोलला नाहीस. तुझं-माझं फिटलं. यापुढे माझ्याकडे बघायचं तर सरळ बघ, भिंतीकडे नको. तुझ्याकडून माझं काही घेणं नाही आणि तुझंही माझ्याकडून नाही.

पण भिंगरीने कुणाचं काय केलं होतं? त्या ड्रायव्हरच्या मुलीने तुझं काय केलंय? समितीने निर्णय तीन दिवस पुढे ढकलला आहे, हेडसरांचा अंतिम शेरा येईपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी ढकलायला लावला. अर्ज तुझ्या टेबलावर आहे, एकोणीस नावं आणि खाली तुझ्या सहीची मोकळी जागा. परवा संध्याकाळी मुदत संपते.

परत येताना ड्रायव्हर म्हणाला, "आजी, सर खोटं बोलले ना?" मी म्हटलं, तू रस्त्याकडे बघ.

कारण मी बघितलं होतं. मी फळ्यावर लिहीत होते तेव्हा तू टोपण लावायचं थांबलास. तुझे ओठ हलत होते. मी सहाशे अठ्ठ्याऐंशी लिहायच्या आधी तुझ्या ओठांवर ते येऊन गेलं. तू मनात करून पाहिलंस आणि बरोबर आहे हे बघून मग "नाही" म्हणालास.

मला ते दिसलं, कारण ते करताना माणूस कसा दिसतो मला माहीत आहे. त्या दिवशी तपकीरवाल्या मास्तरांनी छडी उचलली तेव्हा मीही दारात उभी राहून तुझं गणित मनात करून पाहिलं होतं. सतरा, पस्तीस. आठ, चार, दोन, तिन्ही ओळी खोडायच्या. पस्तीस आणि पाचशे साठ. पाचशे पंच्याण्णव. तुझं बरोबर होतं. पहिली छडी पडायच्या आधी मला माहीत होतं.

हे मी काल घरी येऊन भिंगरीला सांगितलं. ती बटणांचा डबा हलवत बसली. मग म्हणाली, "आणि बाबांना? त्यांना तेव्हा माहीत होतं का की आपलं बरोबर आहे? की सहा छड्यांनंतर त्यांनाही वाटलं, चुकलं?"

मी म्हटलं, हे मी कसं सांगू. हे एकाच माणसाला माहीत आहे.

तेव्हा या पत्राला उत्तर पाहिजे, मला नको. माझ्या नावाने आलं तर न फोडता परत जाईल. कारकुनाकडून लिहून घेऊ नकोस. बायकोला फोन करायला लावू नकोस, मी उचलणार नाही. परवा संध्याकाळच्या आत, एकोणीस नावांखाली सही करून झाल्यावर, तुझ्या हाताने, तुझ्या लांब शेपटीच्या अक्षरात, पोरीने विचारलंय त्याचं उत्तर पोरीला दे. तूच द्यायचं आहेस, बटण.